फायरफॉक्समधील बुकमार्कचा क्रम बदलता येत नाही. बदलला तरी टिकत नाही

शाहूपुरी_हिशेब

नमस्कार. मी कोल्हापुरात शाहूपुरीतील एका करसल्लागारांच्या कार्यालयात काम करते. आमच्याकडे विंडोजवर फायरफॉक्स वापरतात आणि त्याच्या बुकमार्क टूलबारवर ‘रोजचे काम’ नावाचे एक फोल्डर आहे, ज्यात साधारण ४० बुकमार्क साठवलेले आहेत. या बुकमार्कचा क्रम आमच्यासाठी केवळ सोयीचा भाग नाही, कारण तो महिन्याच्या कामाचा क्रम आहे: ७ तारखेपर्यंत टीडीएसचा, म्हणजे उगमातच कापलेल्या कराचा भरणा, ११ पर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचे जीएसटी विवरण), १५ पर्यंत भविष्य निर्वाह निधी, २० पर्यंत जीएसटीआर-३बी (जीएसटीचे गोषवारा विवरण), आणि मार्केट यार्डातील जे व्यापारी तिमाही पद्धतीने विवरण भरतात त्यांच्यासाठी तिमाही संपल्यावर येणारी २२ तारीख. वरून खाली पाहत गेले की काय उरले आहे ते लगेच कळते.

अडचण अशी की, कंट्रोल, शिफ्ट आणि ओ ही बटणे एकत्र दाबून लायब्ररीची खिडकी उघडली आणि एखादा बुकमार्क ओढून वर न्यायला गेले, की माऊसच्या टोकाशी मनाईचे गोल चिन्ह येते आणि बुकमार्क जागचा हलत नाही. प्रथम मला माऊसच बिघडला असे वाटले, म्हणून शेजारच्या टेबलावरचा माऊस लावून पाहिला. त्यानंतर फायरफॉक्स काढून टाकून पुन्हा बसवला, तरी फरक पडला नाही.

गंमत म्हणजे टूलबारवरच्या त्या फोल्डरची यादी उघडून तिथल्या तिथे ओढले, तर बुकमार्क हलतात. मात्र तो क्रम टिकत नाही. आठवडाभर ठीक चालते आणि सोमवारी सकाळी कार्यालयात आल्यावर पाहावे, तर सगळे बुकमार्क पुन्हा वर्णानुक्रमाने लागलेले असतात. ऐन भरण्याच्या दिवशी जीएसटीआर-३बी शोधत बसण्याची वेळ येते. कृपया मार्ग सुचवावा.

उद्यमनगर_दुरुस्ती

ताई, आपण एकाच तक्रारीत दोन वेगवेगळी दुखणी सांगितली आहेत, आणि मला वाटते त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. लायब्ररीच्या खिडकीत बुकमार्क न हलणे हे एक आणि सोमवारी क्रम बदललेला असणे हे दुसरे. आधी पहिले घेऊ, कारण ते जवळजवळ नक्की ओळखता येते.

फायरफॉक्स आपले बुकमार्क ‘प्लेसेस’ नावाच्या एका डेटाबेस फाइलमध्ये ठेवतो आणि त्यात प्रत्येक बुकमार्कपुढे तो कोणत्या फोल्डरमध्ये आहे व तिथे कितव्या स्थानावर आहे हे नोंदलेले असते. हा झाला साठवलेला क्रम. लायब्ररीची खिडकी तोच क्रम दाखवते असे आपण गृहीत धरतो, पण ते दर वेळी खरे नसते. त्या खिडकीत उजव्या बाजूला नाव, पत्ता अशा कॉलमची शीर्षके असतात. त्यांपैकी एखाद्यावर चुकून जरी क्लिक झाले, तरी यादी त्या कॉलमनुसार लावून दाखवली जाते. साठवलेला क्रम तसाच राहतो, फक्त दिसणारा बदलतो. अशा लावलेल्या यादीत एखादी गोष्ट ‘तिसऱ्या जागी’ सोडण्याला काही अर्थच उरत नाही, कारण तिथली तिसरी जागा नावावरून ठरलेली असते. म्हणून फायरफॉक्स सोडूच देत नाही आणि मनाईचे चिन्ह दाखवतो. आपला माऊस निर्दोष आहे.

आता नाव या शीर्षकाच्या शेजारी नीट पाहा. ज्वारीच्या दाण्याएवढा एक बाण तिथे दिसेल, वर किंवा खाली तोंड केलेला. तो दिसला, तर त्याच शीर्षकावर क्लिक करत राहा. पहिल्या क्लिकला चढता क्रम, दुसऱ्याला उतरता आणि तिसऱ्याला मूळ क्रम, अशी ती फिरती व्यवस्था आहे. बाण नाहीसा झाला की आपण साठवलेल्या क्रमावर आलात. हे किचकट वाटल्यास वरच्या ‘व्ह्यूज’ मेनूत ‘सॉर्ट’मध्ये जाऊन ‘अनसॉर्टेड’ निवडावे. त्यानंतर बुकमार्क ओढताना दोन ओळींच्या मध्ये एक बारीक आडवी रेघ उमटेल. ती दिसली की सोडा.

आणखी एक गोष्ट. त्या खिडकीतील शोधाच्या चौकटीत काही लिहिलेले असेल, तर समोर दिसतात ते शोधाचे निकाल. त्यांनाही स्वतःचा क्रम नसतो, तेव्हा चौकट रिकामी करून मगच ओढावे. आणि टूलबार, मेनू व इतर बुकमार्क ही जी मूळ फोल्डरे डावीकडे दिसतात, त्यांचा आपसातील क्रम मात्र कोणालाच बदलता येत नाही.

फायरफॉक्स काढून पुन्हा बसवल्याने काही झाले नाही, यात आश्चर्य नाही. बुकमार्क प्रोफाइलच्या, म्हणजे आपली माहिती व मांडणी वेगळी साठवणाऱ्या फोल्डरमध्ये असतात आणि ब्राउझर काढून टाकला तरी ते फोल्डर सहसा तसेच मागे राहते. उलट ते राहिले म्हणून आपले ४० बुकमार्क वाचले.

शाहूपुरी_हिशेब

दादा, बाण होता! इतकी वर्षे ती खिडकी वापरते आहे, पण तिथे बाण असतो हे कधी ध्यानातच आले नव्हते. दोनदा क्लिक केल्यावर तो गेला आणि आता लायब्ररीतही सर्व बुकमार्क व्यवस्थित हलतात. मनःपूर्वक आभार.

मात्र दुसरे दुखणे शिल्लक आहे. आज सोमवार, आणि फोल्डर पुन्हा वर्णानुक्रमाने लागले आहे. या वेळी नाव या शीर्षकाशेजारी बाण नाही, हे मी दोनदा तपासले.

रंकाळा_फेरी

बाण नसताना यादी वर्णानुक्रमाने दिसते आहे, याचा अर्थ आता साठवलेला क्रमच बदलला आहे. डेटाबेस बिघडला असता तर अडचण सोमवारचा मुहूर्त धरून आली नसती. माझा संशय माणसावर आहे.

टूलबारवरील फोल्डरवर उजवे बटण दाबल्यास जो मेनू येतो, त्यात ‘सॉर्ट बाय नेम’ असा पर्याय आहे. कॉलमच्या शीर्षकावर क्लिक करणे आणि हा पर्याय निवडणे, या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांच्यात फार मोठा फरक आहे. पहिली केवळ चष्मा बदलते. दुसरी प्रत्येक बुकमार्कचे स्थान नव्याने लिहून टाकते आणि जुना क्रम पुसला जातो. क्रोमच्या बुकमार्क मॅनेजरमधील याच नावाचा पर्यायदेखील असाच कायमचा आहे. लगेच लक्षात आले तर कंट्रोल आणि झेड दाबून मागे जाता येते, पण सोमवारी उघडलेल्या फायरफॉक्सला शनिवार-रविवारी दुसऱ्या यंत्रावर कोणी काय केले ते मागे घेता येत नाही.

म्हणून माझे दोन प्रश्न आहेत. आपल्या संगणकावर फायरफॉक्समध्ये खाते उघडून सिंक, म्हणजे एकाच खात्याच्या सर्व यंत्रांवर बुकमार्क सारखे ठेवण्याची सोय, चालू केले आहे का? असल्यास त्याच खात्याने आणखी कोणत्या यंत्रावर प्रवेश केलेला आहे? सिंक केवळ बुकमार्क नेत नाही, फोल्डरमधील क्रमही नेते. घरच्या लॅपटॉपवर कोणी हौसेने फोल्डर ‘नीट’ लावले, तर तो नीटपणा आपल्या टेबलावर आपसूक येऊन पोहोचतो.

तोवर एक खबरदारी घ्यावी. लायब्ररीच्या खिडकीत ‘इम्पोर्ट अँड बॅकअप’ मेनूत ‘बॅकअप’ निवडून आजची प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. त्याच मेनूत ‘रिस्टोअर’खाली तारखांची यादी दिसेल. फायरफॉक्स आपण होऊन अलीकडच्या दिवसांच्या प्रती राखून ठेवतो, नेहमीच्या मांडणीत १५ पर्यंत. त्यांतील गेल्या गुरुवारची प्रत परत आणली, तर जुना क्रम परत येईल. पण ती प्रत सध्याचे सगळे बुकमार्क पुसून त्यांच्या जागी येते, त्यामुळे गुरुवारनंतर जतन केलेला एकही बुकमार्क उरणार नाही. म्हणून आजची प्रत आधी, रिस्टोअर नंतर. आणि खरा उगम सापडेपर्यंत रिस्टोअर करूच नये, नाहीतर पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

ताराबाई_पार्क

हा धागा वाचून कोणी क्रोमसाठी उत्तर शोधत आले, तर त्यांच्यासाठी थोडेसे. आमच्या कार्यालयात क्रोमवर एक फोल्डर असे आहे की त्यातील बुकमार्क काही केल्या हलत नाहीत, पुसलेही जात नाहीत. ते संस्थेने धोरण म्हणून सर्व संगणकांवर घातलेले आहेत. अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘क्रोम’, मग कोलन, दोन तिरप्या रेघा आणि ‘पॉलिसी’ असे रोमन लिपीत लिहिल्यास लागू असलेली धोरणे दिसतात. तिथे ‘मॅनेज्ड बुकमार्क्स’ असेल तर ते फोल्डर बंदिस्त आहे, आणि ‘एडिट बुकमार्क्स एनेबल्ड’ हे बंद ठेवलेले असेल तर कोणताच बुकमार्क बदलता येणार नाही. अशा वेळी ब्राउझरशी झटापट न करता संगणक विभागाला विचारावे.

उद्यमनगर_दुरुस्ती

रंकाळा_फेरी यांचा संशय मला पटतो. तरीही सिंक बंद असूनही क्रम मागे जात असेल, तर मग डेटाबेसकडे वळावे. ‘हेल्प’ मेनूतून ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ हे पान उघडून खाली ‘प्लेसेस डेटाबेस’ या भागात ‘व्हेरिफाय इंटेग्रिटी’ हे बटण दाबावे. तपासणीचा निकाल तिथेच उमटतो. २००८ साली फायरफॉक्स ३ येईपर्यंत सगळे बुकमार्क एका साध्या एचटीएमएल फाइलमध्ये असत आणि ती नोटपॅडमध्ये उघडून ओळी वरखाली केल्या की काम भागत असे. मी ते केलेले आहे. आताच्या डेटाबेसमध्ये मात्र असा हात घालू नये.

पंचगंगा_घाट

मी एक वेगळाच उपाय सुचवतो. वर्णानुक्रमाशी भांडण्यापेक्षा तोच आपल्या कामाला लावावा. प्रत्येक बुकमार्कच्या नावाआधी मुदतीची तारीख दोन अंकांत लिहा: ‘०७ टीडीएस’, ‘११ जीएसटीआर-१’, ‘१५ भविष्य निर्वाह निधी’, ‘२० जीएसटीआर-३बी’. मग कोणी कितीही वेळा नावानुसार लावले, तरी निघणारा क्रम आपल्या कामाचाच असेल. शून्य मात्र विसरू नये. अक्षरांप्रमाणे तुलना करताना आधी पहिला अंक पाहिला जातो, त्यामुळे नुसते ७ लिहिले तर ते ११, १५ आणि २० यांच्या खाली जाऊन बसते.

तारीख नसलेल्या बुकमार्कना, म्हणजे ७/१२ पाहण्याचे संकेतस्थळ वगैरे, ५० च्या पुढचे आकडे द्यावेत.

शाहूपुरी_हिशेब

सर्वांचे आभार. उगम सापडला, आणि तो सांगताना मला थोडे अवघडल्यासारखे होत आहे. सिंक चालू होते. त्याच खात्याने आमच्या साहेबांच्या घरच्या लॅपटॉपवर प्रवेश केलेला आहे, हे मला ठाऊकच नव्हते. दुपारी चहाच्या वेळी त्यांना हळूच विचारले, तर ते म्हणाले, “अहो, ते फोल्डर फार विस्कटलेले असते, म्हणून दर रविवारी मीच नीट लावून ठेवतो.” त्यांना वाटत होते, आम्ही आठवडाभर पसारा करतो आणि ते आवरतात.

त्यांना पसारा वाटणारा क्रम हा भरण्याच्या तारखांचा आहे, हे समजावून सांगितल्यावर ते हसले. परंतु रविवारची सवय सोडतील असे मला वाटत नाही, म्हणून पंचगंगा_घाट यांचा उपाय केला आहे. सगळ्या नावांपुढे दोन अंकी आकडे घातले, मग मुद्दाम स्वतःच ‘सॉर्ट बाय नेम’ करून पाहिले, आणि क्रम जसा हवा तसाच लागला. आजची प्रतही पेनड्राइव्हवर ठेवली आहे.

एकच शंका उरली. मार्चच्या टीडीएसच्या भरण्याला ३० एप्रिलपर्यंत मुदत असते, तेव्हा एप्रिल महिन्यात त्या बुकमार्कचे ‘०७’ बदलून ‘३०’ करावे का?

पंचगंगा_घाट

ताई, ०७ च राहू द्या. तो आकडा बुकमार्कची जागा धरून ठेवण्यापुरता आहे. मुदती तर सरकारही मध्येच वाढवते, त्यांच्या मागे नावे बदलत बसलात तर दर महिन्याला तेच काम होईल. फक्त साहेबांना ३० चे तोंडी सांगून ठेवा.