लैंगिक अत्याचारातून गेलेल्या मुलींसोबत थांबण्याचं काम शिकायचं आहे, सुरुवात कुठून करू? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

मागच्या वर्षी एका रात्री ओळखीतल्या एका मुलीबरोबर मी रुग्णालयात थांबले होते. तिचं वय, गाव, आमचं नातं यातलं काहीच लिहीत नाही. ओळख पटेल असं प्रसिद्ध करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. ती सज्ञान होती आणि घरी सांगायची हिंमत न झाल्यामुळे माझ्याकडे आली होती, एवढंच.

त्या रात्री तिला सगळं चार वेळा सांगावं लागलं. केसपेपर काढणाऱ्याला, मग मागे रांग उभी असताना सिस्टरना, मग डॉक्टरांना, मग पोलिसांना. "आधी पोलिसांत जाऊन या" असं ऐकून आम्ही खरंच रिक्षा करून निघालो. उपचारांना एफआयआर लागत नाही हे मला नंतर कळलं. रुग्णालय सरकारी असो वा खाजगी, उपचार ताबडतोब आणि मोफत करायचे असतात, पोलिसांना कळवायचं कामही त्यांचंच (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३९७). हे ठाऊक असतं तर मी तिला तिथून हलू दिलं नसतं.

पण मला सर्वांत जास्त सलतंय ते माझंच बोलणं. रिक्षात मी तिला विचारलं, "तू ओरडली का नाहीस गं?" तिने तोंड फिरवलं. नंतर तासभर एक शब्द बोलली नाही.

माझं माहेर वडसा-देसाईगंजकडचं. १९७२ मध्ये तिथल्याच पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे संमती असणार, असा तो तर्क होता. त्यावर देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. हे सगळं माहीत असलेली मी, आणि माझ्या तोंडून तोच प्रश्न निघाला.

म्हणून हे काम नीट शिकायचं आहे. नोकरी आहे, पण संध्याकाळी सात नंतर आणि रविवारी पूर्ण मोकळी असते. विचारायचं आहे ते असं: प्रशिक्षण कुठे मिळतं? समाजकार्याची पदवी नसताना घेतात का? अठराच्या आतल्या मुलीने विश्वासाने काही सांगितलं तर काय करायचं? आणि माझ्या नवऱ्यालाही काही करायची इच्छा आहे, पुरुषाला या कामात जागा आहे का?

प्रतिसाद : चाफेकळी

ताई, मी मुंबईत रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रात काम करते. आमच्याकडे २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' हे समुपदेशन केंद्र सुरू झालं, तेव्हापासून हे काम रुग्णालयातूनच करायची वाट पडली. तुम्ही आधी जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरला (अत्याचार झालेल्या बायकांना उपचार, पोलीस, कायदा अशी मदत एका जागी देणारं सरकारी केंद्र) प्रत्यक्ष जाऊन भेटा. पत्ता १८१ या महिला हेल्पलाइनवर मिळेल. पदवी नसली तरी सोबत करणं, दुभाष्या होणं, कोर्टाच्या तारखेला घरून नेणं-आणणं अशी कामं पुष्कळ असतात. समुपदेशन मात्र प्रशिक्षणाशिवाय करायला जाऊ नका.

मुलीबरोबर रुग्णालयात पोचलात की आपण काहीही विचारायचं नाही. काय झालं हे डॉक्टर विचारतील. आपण पाणी द्यायचं, "बस, मी इथेच आहे" म्हणायचं, आणि पुढे कोण येणार, काय करणार हे तिला आधी सांगायचं. तपासणीला नको म्हणायचा तिला हक्क आहे, आणि नको म्हटलं तरी उपचार थांबत नाहीत. टू-फिंगर टेस्ट (योनीत दोन बोटं घालून करायची तपासणी) कुणी करू लागलं तर हरकत घ्या. २०१३ पासून न्यायालयाने ती चुकीची ठरवली आहे, २०२२ मध्ये पुन्हा बजावलं आहे.

अंघोळ केली, कपडे धुतले, आता पुरावा उरला नाही असं वाटून बऱ्याच मुली परत जातात. जाऊ देऊ नका. नमुने ९६ तासांपर्यंत घेतात, एचआयव्ही टाळणारं औषध मात्र ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. जितकं लवकर तितकं बरं. कपडे प्लास्टिकमध्ये नको, कागदात.

प्रतिसाद : वकीलसाहेब_सातारा

अठराच्या आत असेल तर "कुणाला सांगणार नाही" हे वचन कधीही देऊ नका. पॉक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायदा, २०१२ च्या कलम १९ खाली पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. वचन देऊन मोडण्यापेक्षा, "तुला सुरक्षित ठेवायला मला काही जणांना सांगावं लागेल, पण प्रत्येक पायरीला तुला विचारेन" असं आधीच सांगा. जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. मुलीला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.

पॉक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे बाल कल्याण समिती सपोर्ट पर्सन, म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलीला सोबत करणारी व्यक्ती, देते. ती व्यक्ती बालहक्क किंवा बाल संरक्षणात काम करणारी असावी लागते. तेव्हा तुम्ही एखाद्या संस्थेतर्फेच या. आणि साक्षीला काय बोलायचं हे मुलीला कधीच शिकवू नका. उलटतपासणीत पहिला वार तिथेच होतो. भरपाईसाठी २०१३ पासूनची मनोधैर्य योजना आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे.

प्रतिसाद : रानवारा

यजमानांना जरूर येऊ द्या. मुंबईची 'मावा' ही पुरुषांची संस्था १९९३ पासून तरुण मुलांशी याच विषयावर बोलते आहे. तपासणीच्या खोलीबाहेर थांबायला बाई असलेली बरी, पण कॉलेजातल्या पोरांशी "नाही म्हणजे नाही" हे बोलायला पुरुषच हवा. पोरं आम्हा पुरुषांचं ऐकतात, बायकांना टाळतात. हे बरोबर नाही, पण आज तसं आहे.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी अर्धी रजा टाकून सखी केंद्रात जाऊन येते, कळवते.

अजून एक विचारू? त्या मुलीचा मला तेव्हापासून फोन नाही. मी तिला चुकीचं बोलले, माफी मागायची आहे. करू का फोन?

प्रतिसाद : चाफेकळी

फोन नको ताई, त्या वेळी तिच्या शेजारी कोण असेल सांगता येत नाही. भेटेल तेव्हा, एकटी असेल तर, "त्या दिवशी मी जे विचारलं ते चुकीचं होतं, तुझं काहीच चुकलं नव्हतं" एवढं सांगा. मग ती बोलेल किंवा नाही बोलणार. तिच्यावर सोडा.