लहान फाउंड्रीच्या (धातू वितळवून सुटे भाग ओतणाऱ्या कारखान्याच्या) मालकाची जबाबदारी पगार आणि कर भरल्यावर संपते का?

अनगोळकर:
२०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ प्रमाणे सामाजिक दायित्वावर (सीएसआर) सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च सक्तीचा होण्यासाठी निव्वळ मूल्य पाचशे कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा निव्वळ नफा पाच कोटी, यांपैकी एक तरी मर्यादा गाठावी लागते. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक वसाहतींतील बहुतेक कारखाने त्याच्या जवळपासही नाहीत, आणि कित्येक तर कंपनी नसून भागीदारीत चालतात. त्यामुळे नैतिक जबाबदारी ही मोठ्यांची चैन आहे, असा सोयीचा समज आपल्याकडे रुजला आहे. मला तो मान्य नाही. फेटलिंगला (ओतलेला भाग घासून साफ करण्याच्या कामाला) बसलेला खानापूरकडचा कंत्राटी कामगार तोंडाला रुमाल बांधून ग्राइंडर चालवतो. कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, चिकटलेल्या साच्याच्या वाळूतील सिलिकाची धूळ त्या रुमालातून सहज आत जाते. तिच्यामुळे होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही. त्याच्या फुप्फुसांचा हिशेब कोणाच्या वहीत मांडायचा?

उद्यमबागवाला:
आपण मांडलेले चित्र खोटे नाही, पण अर्धे आहे. कास्टिंगचा दर किलोवर ठरतो आणि तो मी नव्हे, पुण्याचा ग्राहक ठरवतो. भंगार, पिग आयर्न (कच्चे लोखंड) आणि वीज महागली तरी दरवाढीसाठी आम्हांला महिनोन्‌महिने हात जोडावे लागतात. २००६ च्या सूक्ष्म-लघुउद्योग कायद्यानुसार पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, अन्यथा रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागते. पण ते व्याज मागणाऱ्याला पुढची ऑर्डर मिळत नाही, हे येथे कोणालाही विचारा. धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवायची ती कोणत्या पैशांतून? त्याच ग्राहकाचा तपासनीस माझ्याकडे येतो तेव्हा कास्टिंगमधले ब्लोहोल (वायूमुळे राहिलेली छिद्रे) भिंग लावून पाहतो. फेटलिंगच्या शेडमध्ये तो कधी डोकावलेला नाही.

मोल्डर_पिरनवाडी:
यंत्रणेचे राहू द्या. सुकी वाळू झाडण्याआधी पाणी शिंपडणे आणि रुमालाऐवजी एन-९५ मास्क देणे, एवढ्यासाठी पुण्याची परवानगी लागत नाही. मास्क मागितला की मालक ठेकेदाराकडे बोट दाखवतो आणि ठेकेदार म्हणतो, माझ्या दरात ते बसत नाही. (दिवाळीला मिठाईचा पुडा मात्र दोघांकडूनही न चुकता येतो.) सुरक्षेची पाटी फक्त कन्नड आणि इंग्रजीत असते, म्हणून आमच्यातले जुने कामगार नव्या पोरांना तोंडी सांगतात, तेही कोणाला सवड असेल तर.

टिळकवाडीचा_सीए:
कायद्याच्या दोन गोष्टी येथे राहून जात आहेत. कलम १३५ ला आकड्यांची अट असली तरी कलम १६६ ला ती नाही: संचालकाने भागधारकांबरोबरच कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचेही हित पाहावे, हे कर्तव्य छोट्या खासगी कंपनीच्या संचालकावरही आहे. दुसरे असे की, १ एप्रिल २०२४ पासून तेव्हाच्या (१९६१ च्या) प्राप्तिकर कायद्यात कलम ४३बी(एच) आले आणि सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे मुदतीबाहेर थकवलेले बिल प्रत्यक्ष चुकते करेपर्यंत ग्राहकाला खर्चाची वजावट मिळेनाशी झाली. अनेक वर्षांच्या उपदेशाने जे साधले नाही, ते कराच्या धाकाने काही प्रमाणात साधते आहे. मात्र यावर उपाय म्हणून पुरवठादाराने उद्यम नोंदणीच (सूक्ष्म-लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणी) सोडावी, असे सुचवणारे ग्राहकही मी पाहिले आहेत.

उद्यमबागवाला:
मास्कचा मुद्दा मान्य आहे; त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. परंतु मी खर्च करायचा आणि शेजारच्या शेडने तो टाळून किलोमागे दर पाडून माझी ऑर्डर न्यायची, हे किती काळ चालेल? ज्याच्या गाडीत माझे कास्टिंग बसते, तोही या साखळीतला हितसंबंधी आहेच ना?

अनगोळकर:
आहेच, आणि म्हणूनच धूळ नियंत्रणाचा खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवण्याचा आग्रह सर्व फाउंड्र्यांनी मिळून धरावा, म्हणजे शेजाऱ्याला तो गाळून दर पाडता येणार नाही. एकट्याने ते होणार नाही, हे मला कळते. पण तो करार होईपर्यंत फेटलिंगवाल्याने रुमालावर दिवस काढावेत, हे मला पटत नाही. ठेकेदाराच्या पुढच्याच बिलात मास्कची रक्कम घाला.