शब्दचर्चा: शब्बाथ म्हणजे सुटी की विसावा?

तिफण
आठवड्याचा सातवा दिवस कामं थांबवून देवासाठी राखायचा, तो शब्बाथ. मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, हा शब्द तसाच ठेवला आहे. त्याच्या आसपास ‘विसावा’ येतो. गावाकडे मात्र शब्बाथ म्हटलं की ‘शनिवारची सुटी’ एवढाच अर्थ धरतात. सुटी, आराम, उसंत, विसावा यांतला कोणता शब्द खरा बसतो? आणि सुटी तर ‘घेतात’, मग शब्बाथ ‘पाळतात’ कसा?

इहीरकाठ
तिफणभाऊ, आधी मुळाकडे जाऊ. हिब्रू ‘शब्बात’चं नातं ‘शाबत’ या क्रियापदाशी आहे आणि त्याचा पहिला अर्थ थांबणे. बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव थकला म्हणून बसला असं नाही. काम पुरं झालं आणि तो थांबला. आजच्या हिब्रूत संपाला ‘श्विता’ म्हणतात, तोही शब्द याच धातूचा. बऱ्याच जणांना वाटतं की शब्बाथ या शब्दाचाच अर्थ ‘सातवा’. तसं नाही. सात म्हणजे ‘शेवा’. त्याचं शेवटचं अक्षर वेगळं, धातूही वेगळा.

पण नुसतं थांबण्यावर भागत नाही. ‘निर्गम’ या पुस्तकात 20:11 मध्ये (अध्याय 20, वचन 11) दुसरं क्रियापद येतं, ‘नूआख’. म्हणजे टेकणे, स्थिरावणे. पूर ओसरल्यावर नोहाचं तारू अराराताच्या डोंगरांवर टेकलं, तिथे हेच क्रियापद आहे. आणि तिसरं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. निर्गम 23:12 म्हणतं की सातव्या दिवशी तुझ्या बैलाला, गाढवाला टेकू दे, आणि दासीच्या लेकराला, परक्याला... इथे जे क्रियापद आहे ते ‘नेफेश’पासून आलेलं. नेफेश म्हणजे जीव, श्वास, घसासुद्धा. मराठीत सरळ सांगायचं तर ‘दम घेऊ दे’. डवरणीत तास संपल्यावर धुऱ्याशी औत थांबवून माणूस म्हणतो, “जरासा दम घेऊ दे बैलाले.” नेमकं तेच. निर्गम 31:17 मध्ये हेच क्रियापद खुद्द देवासाठी वापरलं आहे.

काळी माती
मग ‘सुटी’ बादच करावी लागेल. सुटी म्हणजे कामातून सुटणं, आणि ती देणारा कोणीतरी मालक असतो. ‘खाडा’ तर त्याहून वाईट. खाडा पडला की मजुरी कापली जाते. ‘उसंत’ म्हणजे दोन कामांच्या मधली फट. ‘आराम’ आपल्याकडे दुखण्याशी जोडलेला: “आता आराम हाय का?” म्हणजे ताप उतरला का. हे सगळे शब्द चांगलेच आहेत, पण अंगापुरते किंवा वेळेपुरते.

‘विसावा’ची चाल वेगळी आहे. संस्कृत विश्राम, प्राकृत विस्साम, मराठी विसावा, वऱ्हाडीत इसावा. त्यात ओझं धरलेलंच असतं. मोळी डोक्यावरून उतरवून बाभळीखाली ठेवली की तो विसावा. तिरडी स्मशानाच्या वाटेवर मध्येच खाली टेकवतात, त्या जागेलाही विसावा म्हणतात. ओझं टाकून दिलेलं नसतं, खाली ठेवलेलं असतं. म्हणून मत्तयाच्या शुभवर्तमानात 11:28 मध्ये येशूचं “अहो कष्टी व भाराक्रांत जनहो” असं म्हणून पुढे “मी तुम्हांला विसावा देईन” येतं, तिथे दुसरा शब्द घालून पाहा. आराम घातला तर भार कुठे गेला ते कळतच नाही.

तिफण
‘पाळणे’ राहिलं.

इहीरकाठ
दहा आज्ञा दोनदा आल्या आहेत. निर्गम 20 मध्ये शब्बाथासाठी ‘जाखोर’, म्हणजे आठव ठेव. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात ‘शामोर’, म्हणजे राख. एदेन बागेत आदामाला ठेवलं ते मशागतीसाठी आणि राखणीसाठी, तिथलं राखणीचं क्रियापद हेच. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. हरभऱ्यात रानडुकरं शिरतात म्हणून जागल करतो तशी दिवसाची जागल. न राखलेला दिवस उरत नाही. कामं चारी बाजूंनी आत शिरतात. मराठी ‘पाळणे’त राखणंही आहे आणि पोसणंही, म्हणून तो शब्द चपखल आहे. फक्त सुतक पाळणे, विटाळ पाळणे यांच्या ओळीत त्याला बसवू नये. तिथला सूर ‘हे करू नको’ असा, इथे ‘हे जप’ असा आहे.

चूलभाकर
शब्दांचं ठीक आहे, पण राखण कशी करायची ते आदल्या दिवशी ठरतं. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो, शनिवारी सूर्यास्ताला सुटतो. अमरावतीकडे डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास बुडतो, जूनअखेरीस सातच्या सुमारास. हिवाळ्यात फसगत होते ती इथेच: कापूस वेचून बाया घरी येईस्तोवर दिवस मावळलेला असतो. म्हणून हिवाळ्यात शुक्रवारची वेचणी दुपारी तीन-साडेतीनलाच आटोपायची.

त्या दिवशी उरकायची कामं: दोन दिवसांचं कुटार आणि कडबा गोठ्यात, पाण्याचे गुंड भरलेले, सरपण आत. ज्वारीच्या भाकरी आणि कोरडा झुणका दुसऱ्या दिवशी चालतात. जवसाची चटणी, ठेचा तर चांगलाच टिकतो. वरण आणि पातळ भाजी मात्र उन्हाळ्यात रातभरात आंबते, ती करूच नये. यहुदी घरांत शब्बाथात आग पेटवत नाहीत (निर्गम 35:3). ॲडव्हेंटिस्ट मंडळी (शनिवारी शब्बाथ पाळणारे ख्रिस्ती) स्वयंपाक आदल्या दिवशी करतात, गरम करायला सहसा हरकत मानत नाहीत.

मजुरीचा चुकारा शुक्रवारीच. अनुवाद 24:15 सांगतं की मजुराचे पैसे सूर्य मावळायच्या आत द्यावे. आपल्याकडे चुकारा बाजाराच्या दिवशी करायची सवय आहे. गावचा बाजार शनिवारी असेल तर मालकाचा शब्बाथ आणि मजुराची रिकामी पिशवी असं होतं. आज्ञेत दास-दासी नावानिशी आले आहेत. सालदाराला शेतावर धाडून आपण प्रार्थनेला बसणं हा शब्बाथ नव्हे.

आणखी एक चूक घरात होते. सगळी तयारी एकट्या बाईवर पडली तर सूर्यास्ताला ती भिंतीला टेकते आणि दुसरा दिवस झोपेत जातो. कुटार-पाणी पोरांनी करावं, सरपण पुरुषांनी.

काळी माती
दूध काढणं, गुरांना पाणी दाखवणं यावर वादच नाही. लूक 13:15 मध्ये येशू स्वतः म्हणतो की शब्बाथ दिवशी तुम्ही बैल गोठ्यातून सोडून पाण्यावर नेताच की.

खरा पेच पेरणीचा. शुक्रवारी संध्याकाळी वाफसा येतो, शेजाऱ्याची तिफण शनिवारी सकाळी चालू होते आणि आपली उभी. निर्गम 34:21 नेमकं हेच नाव घेऊन सांगतं: नांगरणीत आणि कापणीतही थांब. लोकांना वाटतं ही आज्ञा फुरसतीच्या दिवसांची. ती खरी घाईच्या दिवसांची आहे. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते, एका दिवसाने पेरणी सहसा जात नाही. बरड रान लवकर सुकतं, तिथे धाकधूक होते. बोंडं फुटलेली आणि आभाळ भरून आलं तर काय, यावर घराघरांत वेगळं मत आहे. लूक 14:5 मधला विहिरीत पडलेला बैल काढायलाच हवा. पण दर आठवड्याला काही ना काही विहिरीत पडलेलं दिसायला लागलं तर शब्बाथ उरला नाही असं समजावं.

इहीरकाठ
इथेच देवावर विसंबणं येतं. निर्गम 16 मध्ये इस्राएली लोकांना रानात देवाकडून मिळणारं अन्न, मान्ना, रोज माणशी एक ओमेर, म्हणजे साधारण दोन लिटर मापाचा. सकाळपर्यंत ठेवला तर किडे पडायचे. सहाव्या दिवशी मात्र दोन ओमेर, आणि तो ठेवूनही नासला नाही. सातव्या दिवशी काही जण तरी गेलेच वेचायला, त्यांना काही मिळालं नाही. विसावा मिळाला तो उरल्यासुरल्या वेळातून नाही, आदल्या दिवशी दुप्पट मिळालं यावर भरवसा ठेवून.

बाभूळ
एक उपप्रश्न. इथल्या बहुतेक चर्चमध्ये उपासना रविवारी होते, त्याला शब्बाथ म्हणायचं का?

इहीरकाठ
सातवा दिवस शनिवारच. रविवार हा पुनरुत्थानाचा, ‘प्रभूचा दिवस’. बरीच ख्रिस्ती कुटुंबं विसाव्याचा अर्थ रविवारी पाळतात, ॲडव्हेंटिस्ट आणि यहुदी शनिवारी. मराठीत या दिवसाची जुनी खूण कोकणात आहे: तिथल्या बेने इस्रायली (कोकणातल्या यहुदी) तेल्यांचा घाणा शनिवारी बंद, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शब्बाथ हा शब्द गावाला माहीत नव्हता, पण थांबलेला घाणा सगळ्यांना दिसत होता.

तिफण
मत्तयात विसावा देतो म्हटल्यावर लगेच पुढे “माझे जू आपणावर घ्या” आहे. जू तर कामाचं. हे जुळत नाही.

काळी माती
जुळतं, भाऊ. पुढे “माझे जू सोयीचे” असं आहे. मुळातला ग्रीक शब्द ‘ख्रेस्तोस’, म्हणजे चांगलं, भलं, उपयोगी पडणारं. सुतार जू तासतो तेव्हा मानेवर टेकतो तो भाग गोलसर घासून गुळगुळीत करतो, गाठ किंवा कंगोरा राहू देत नाही. दोन बैल उंचीला कमी-जास्त असले किंवा जू एका बाजूला कललं तर एकाच्याच खांद्यावर भार येतो आणि खांदेसूज होते. मग पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तूप लावून कितीही खांद शेकली तरी तो बैल जुवाखाली मान द्यायला कचरतो. बसणारं जू असलं की बैल स्वतःहून मान पुढे करतो.