आठ ओळींची कविता, आणि तिच्यात दिलासा शोधणारे आपण

मेहरूणकर: परवा जळगावात आमच्या वाचनगटात इंग्रज कवी वर्ड्‌स्वर्थची 'अ स्लंबर डिड माय स्पिरिट सील' घेतली. आठच ओळी. पहिल्या चारांत कवी सांगतो, माझं मन गाढ झोपेत होतं, भीती कसली ती नव्हती. काळ कवितेतल्या अनाम 'ती'च्या अंगाला बोट लावील असं वाटतच नव्हतं. पुढच्या चारांत ती हलत नाही, ऐकत नाही, बघत नाही. दगडधोंडे आणि झाडांबरोबर पृथ्वीच्या रोजच्या फेऱ्यात फिरते आहे. संपली कविता.

एक जण म्हणाले, 'ती निसर्गात विलीन झाली, अमर झाली.' सगळ्यांनी माना डोलावल्या. मला साफ नामंजूर! तिचं मरण कवितेत सांगितलेलंच नाही, ते दोन कडव्यांमधल्या कोऱ्या जागेत उरकलंय. आधीचं कडवं भूतकाळात, नंतरचं थेट 'आता'. रडणं नाही, देव नाही, स्वर्ग नाही. काळ तिला शिवणार नाही हे खरंच ठरलं, पण कसं, ते बघा.

शिरपूरचा मास्तर: एवढं कोरडं वाचू नका. वर्ड्‌स्वर्थला दगडही मेलेला वाटत नसे, त्याच्या बाकीच्या कविता साक्षीला आहेत. आणि शेवट दगडावर नाही, झाडांवर होतो. त्या ओळीची लय म्हणा एकदा मोठ्यानं, पाळण्याला झोका दिल्यासारखी जाते. त्याचा कवीमित्र कोलरिज, त्यानं 1799 च्या पत्रात ह्या कवितेला उदात्त मृत्युलेख म्हटलंय. बहिणीच्या मरणाची नुसती कल्पना मनात येऊन मित्रानं ही लिहिली असावी, असा त्याचा तर्क होता. उदात्त म्हणजे हताश नव्हे.

तापीकाठ: मास्तर, तुमनं खरं शे, पन तो गोऱ्यांच्या देशातला निसर्ग. तळी, हिरवळ, रिमझिम. आपल्याकडे वैशाखात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, कुणाला वाटेल तिथं विलीन व्हावं? शिवाय ते पुरतात, म्हणून देह मातीबरोबर फिरतो. आपली राख तापीत.

मेहरूणकर: चितेचा मुद्दा मान्य. पण हिरवळ कुठली काढलीत? ही कविता 1798-99 च्या हिवाळ्यात जर्मनीतल्या गोसलार गावी लिहिलेली. बहीण डोरोथी बरोबर होती, थंडी अशी की दोघं अडकून पडले होते. ती छापून आली 1800 मध्ये.

धरणगाववाली: आमच्या गावच्या बालकवींचा 'औदुंबर'ही आठच ओळींचा. त्यात नुसतं चित्र आहे की उदासी, यावर मराठीत भांडून झालंय. कवी 1918 मध्ये, 27 व्या वर्षी भादलीला रेल्वेखाली गेला, म्हणून काही जण तिथं मरण हुडकत बसतात, ते मला पटत नाही. पण जळावर पसरणारी ती 'गोड काळिमा' आहेच ना? दोन्ही एकाच ओळीत. मग वर्ड्‌स्वर्थकडेच एक बाजू का मागता?

शिरपूरचा मास्तर: हेच म्हणतोय मी! ताई बरोबर बोलल्या.

मेहरूणकर: नाही हो. बालकवींनी 'गोड' स्वतः लिहिलंय. वर्ड्‌स्वर्थच्या शेवटच्या ओळीत विशेषण औषधालाही नाही. मास्तर, ती झाडं हिरवी आहेत असं कवी म्हणतो कुठे? जिवंत आहेत एवढं तरी?