‘मर्सिडीज’ हे नाव आधी मुलीचे की मोटारीचे?

चाकणकर : आमच्या भागात कारखानाच असल्यामुळे मर्सिडीज म्हटले की मोटारच डोळ्यांसमोर येते. परंतु अलेक्झांडर द्यूमा यांच्या ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ या कादंबरीत नायक एदमाँच्या वाग्दत्त वधूचे नाव मर्सिडीज आहे, आणि ही कादंबरी १८४४ ते १८४६ या काळातली, म्हणजे मोटारीच्या जन्माआधीची. हे नाव मूळचे कुठले आणि ते मोटारीला कसे चिकटले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ग्रंथप्रेमी : नाव अस्सल स्पॅनिश आहे. ‘मारिया दे लास मेर्सेदेस’, म्हणजे कृपावंत मारियामाता, या उपाधीवरून ते मुलींना ठेवले जाऊ लागले. पिलार आणि दोलोरेस ही नावेही याच पठडीतली. तेराव्या शतकाच्या आरंभी बार्सिलोनात पेद्रो नोलास्को यांनी या मातेच्या नावाने एक धर्मसंघ स्थापन केला. मुस्लिम राज्यांत अडकलेल्या ख्रिस्ती बंद्यांना पैसे भरून सोडवणे हे त्याचे काम होते, आणि वेळ पडल्यास बंद्याच्या जागी स्वतः ओलीस राहण्याची शपथही त्यातील साधू घेत असत. बार्सिलोनात आजही २४ सप्टेंबरला या मातेचा उत्सव थाटात साजरा होतो. कादंबरीतली मर्सिडीज मार्सेयच्या कातालान कोळीवाड्यातली, तेव्हा हे नाव तिला शोभतेच. मात्र बंदिवानांच्या कैवारी मातेचे नाव लावणाऱ्या या मुलीला, १४ वर्षे तुरुंगात खितपत पडलेल्या एदमाँसाठी काहीच करता येत नाही, हा विरोधाभास द्यूमांनी जाणूनबुजून साधला असावा, असे मला तरी वाटते.

जुनी गाडी : मोटारीचे उत्तर सोपे आहे. नीस येथे राहून डाइमलर गाड्या विकणारा एमिल येलिनेक हा व्यापारी १८९९ मध्ये आपल्या मुलीच्या, म्हणजे मर्सिडीजच्या, नावाने शर्यतीत उतरला. पुढे विल्हेल्म मायबाख यांनी त्याच्या मागणीवरून घडवलेल्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीलाही त्याने तेच नाव द्यायला लावले, आणि १९०२ मध्ये त्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. मुलगी बापाचे नाव लावते ही जगाची रीत. या गृहस्थाने १९०३ मध्ये स्वतःचेच आडनाव बदलून ‘येलिनेक-मर्सिडीज’ असे करून घेतले.

सह्यकडा : दोन मर्सिडीज राहून गेल्या. स्पेनचा राजा बारावा अल्फोन्सो याची राणी मर्सिडीज हिचे लग्न जानेवारी १८७८ मध्ये झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये, अठरावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झालेले असताना, ती वारली. तिच्या शोधात निघालेल्या राजाचे गाणे स्पेनमधील मुले पुढे खेळताना म्हणत असत. दुसरी मर्सिडीज बार्चा, म्हणजे गाब्रिएल गार्सिया मार्केस यांची पत्नी. ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’चे हस्तलिखित मेक्सिकोहून ब्युनोस आयर्सला पाठवताना टपालखर्च पुरेना, म्हणून आधी अर्धेच पाठवले गेले आणि उरलेल्यासाठी घरातल्या वस्तू गहाण पडल्या, असे मार्केस स्वतः सांगत असत. त्याच कादंबरीत औषधांच्या दुकानातली एक अबोल मर्सिडीज डोकावून जाते.