कडकनाथ फार बुजरा आहे: बंदिस्ती कशी करावी आणि अस्सल पिल्ले कोठून घ्यावीत?

पायथ्याचा_शेतकरी (शहादा, जि. नंदुरबार)

नमस्कार मंडळी. सातपुड्याच्या पायथ्याशी आमची शेती आहे. विहिरीशेजारच्या आमराईत मी चाळीसेक कडकनाथ, म्हणजे काळ्या कातडीच्या आणि काळ्या मांसाच्या जातीच्या कोंबड्या, पाळतो. घरी गावरान कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण इतका बुजरा पक्षी आम्ही पाहिलेला नाही. सहा फुटी जाळी हे पक्षी सहज ओलांडतात आणि संध्याकाळी आंब्याच्या शेंड्यावर जाऊन बसतात, त्यामुळे रात्री रानमांजराचे फावते. बांधावरून ट्रॅक्टर गेला तरी सगळा थवा शेडच्या एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतो आणि खालचे पक्षी गुदमरून मरतात.

दुसरा प्रश्न अस्सलपणाचा आहे. ही पिल्ले दुचाकीवरून गावोगाव फिरणाऱ्या एका विक्रेत्याकडून घेतली होती. आता ती मोठी झाली आहेत. तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या माद्या) सगळ्या काळ्या निघाल्या, परंतु बऱ्याच नरांचे तुरे तांबूस आणि पाय फिकट आहेत. नवी तुकडी घ्यायची आहे, तर ती कोठून घ्यावी आणि घेताना काय पाहावे? एक प्रतिनिधी सर्व अंडी परत विकत घेण्याची हमीही देत आहे. अनुभवी सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_पशुवैद्य (नाशिक)

तलंगा काळ्या आणि कोंबडे फिकट, या वर्णनातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. कडकनाथाची कातडी, हाडांवरचे आवरण आणि आतले अवयव काळे करणारा गुण प्रभावी असतो, म्हणजे तो आईवडिलांपैकी एकाकडून आला तरी दिसतो. मात्र पांढऱ्या आणि पिवळ्या पायांच्या अनेक जातींमध्ये कातडीतला हा काळेपणा दाबून ठेवणारा आणखी एक गुण असतो आणि तो लिंगनिश्चिती करणाऱ्या गुणसूत्रावर असतो. पक्ष्यांमध्ये आईचे हे गुणसूत्र फक्त मुलग्यांना मिळते, तर मुलींना ते बापाकडून येते. त्यामुळे बाप कडकनाथ आणि आई फिकट पायांची असली, की मुली काळ्या आणि मुलगे फिकट निघतात. तुमच्या विक्रेत्याने बहुधा कडकनाथ कोंबडा दुसऱ्या जातीच्या कोंबड्यांवर सोडला असावा.

याचा व्यवहारातला अर्थ नीट लक्षात घ्यावा. आई मुळात गडद पायांची गावरान असेल, तर संकरित नर-मादी दोन्ही काळेच दिसू शकतात. म्हणून एका दिवसाचे काळे पिल्लू किंवा चिरून दाखवलेले काळे मांस हा अस्सलपणाचा पुरावा ठरत नाही. मातृपितृकळप, म्हणजे पिल्लांच्या आईबापांचा कळप, डोळ्यांनी पाहणे हाच खरा मार्ग आहे. त्या कळपातील कोंबड्यांचे तुरे, गलोल्या (चोचीखाली लोंबणारी कातडी) आणि जिभा पाहाव्यात, त्या जांभळट-काळ्या असायला हव्यात. पिसांमध्ये मात्र एकसारखेपणाचा आग्रह धरू नये, कारण गडद काळा, पांढऱ्या रेघांचा आणि सोनेरी झाक असलेला हे तिन्ही प्रकार अस्सल आहेत.

वजन आणि अंडी यांवरूनही बरेच कळते. पूर्ण वाढलेला कोंबडा साधारण १.८ ते २ किलोचा आणि कोंबडी १.२ ते १.५ किलोची असते. कोंबडी सुमारे सहा महिन्यांची झाल्यावर अंड्यावर येते आणि वर्षाला शंभराच्या आतबाहेर अंडी देते. अंडे फिकट तपकिरी असते. काळ्या अंड्याची किंवा काळ्या रक्ताची कथा सांगणाऱ्याकडून काहीही विकत घेऊ नये. दोनशे अंड्यांचे आश्वासन देणाऱ्याकडूनही घेऊ नये.

मरेक रोगाची लस पहिल्याच दिवशी हॅचरीत (अंडी उबवण्याच्या केंद्रात) दिली होती का, हे विचारून घ्यावे. पुढे मानमोडी, गंबोरो आणि देवी यांच्या लसींचे वेळापत्रक आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्यावे आणि ते चुकवू नये.

डोंगरमाथा (जुन्नर)

दादा, बंदिस्तीविषयी मी लिहिते. आमच्याकडे कडकनाथ बऱ्याच वर्षांपासून आहेत. भिल्ल आणि भिलाला कुटुंबांच्या अंगणात, झाडाझुडपांत वाढलेली ही जात आहे आणि तिचा बुजरेपणा हेच तिचे संरक्षण आहे. तो स्वभाव मोडता येत नाही, तेव्हा जागा त्याला जुळेल अशी करावी.

जाळीची उंची वाढवून फारसा उपयोग होत नाही. जाळीच्या वर आडवा बांबू किंवा पाइप असेल तर तो आधी काढावा. पक्षी थेट पलीकडे उडत नाही, तो आधी त्या काठावर बसतो आणि मग पलीकडे उतरतो. टोकाला नुसती सैल जाळी राहिली, तर बसायला जागा दिसत नाही आणि बरेच पक्षी प्रयत्नच सोडून देतात. परवडत असेल तर वरूनही नायलॉनची जाळी टाकावी, म्हणजे घार आणि शिकरा यांचाही प्रश्न सुटतो.

पंख छाटायचे झाल्यास एकाच पंखाची बाहेरची दहा पिसे कापावीत, म्हणजे तोल जाऊन पक्षी उंच उडू शकत नाही. हे काम रात्री, पक्षी शांत असताना करावे. नव्याने फुटणाऱ्या पिसाच्या देठात रक्त असते, अशी पिसे मुळीच कापू नयेत. पीस झडून नवे आले की पक्षी पुन्हा उडू लागतो. तरीही तुमच्याकडे रानमांजर आहे, म्हणून मोकळ्या आमराईत मी पंख छाटणार नाही, कारण पळून जीव वाचवण्याचे त्यांचे एकमेव साधन त्यामुळे जाते.

गुदमरण्याचे मूळ कोपऱ्यात आहे. पिल्ले ब्रूडरमध्ये (ऊब देण्याच्या जागेत) असताना त्यांच्याभोवतीचे कडे, म्हणजे चिकगार्ड, गोल ठेवतात, ती गोलाई पुढेही टिकवावी. शेडच्या चारही कोपऱ्यांत प्लायचा तुकडा तिरपा लावावा किंवा कडब्याच्या पेंढ्या भरून टाकाव्यात. भारनियमनात दिवा अचानक गेला किंवा आला तरी हे पक्षी भेदरतात, म्हणून बॅटरीवरचा एक मंद दिवा रात्रभर असू द्यावा. आत शिरण्यापूर्वी दाराबाहेरून रोज तोच आवाज द्यावा आणि शक्यतो एकाच माणसाने खाद्य टाकावे.

झाडावर बसण्याची सवय लहानपणीच वळवावी लागते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून शेडमध्ये फूटभर उंचीवर गोल दांड्या बांधाव्यात आणि पुढे त्या उंच करत न्याव्यात. मोठ्या पक्ष्याला दांडीवर आठ इंच जागा लागते. दिवसाचे धान्य थोडे हात राखून द्यावे आणि मुख्य खाद्य दिवस मावळण्याआधी शेडच्या आतच टाकावे. आमच्याकडे ज्वारीचा पत्र्याचा डबा वाजला की आधी कोंबड्या येतात. थोरला कोंबडा मात्र दारात मान ताठ करून उभा राहतो, एकेका डोळ्याने आतला अंधार न्याहाळतो आणि सगळ्या आत गेल्यावरच पाऊल टाकतो. त्या वेळी घाई केली, तर तो झाडावर जातो आणि त्याच्यामागे निम्मा कळपही जातो.

माळव्यातला_मराठी (इंदूर)

पिल्लांबाबत सांगायचे तर तुम्ही मूळ प्रदेशापासून फार लांब नाही. मध्य प्रदेशातील झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रात कडकनाथची हॅचरी आहे. मागणी मोठी असल्याने तेथे आधी नोंदणी करून आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते, आणि माझ्या मते ते थांबणे सार्थकी लागते. जवळचे मोठे रेल्वे स्थानक मेघनगर आहे. अंड्यातला बलक पिल्लाच्या पोटात शिल्लक असल्याने एका दिवसाचे पिल्लू दोनेक दिवस खाण्यावाचून तग धरते, तरी प्रवास रात्रीचा ठेवावा आणि घरी पोहोचताच आधी गूळपाणी पाजून मग भरडा द्यावा. सुरुवातीला ब्रूडरचे तापमान ३५ अंशांच्या आसपास ठेवावे आणि दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करावे. पक्ष्यांची ने-आण करण्यापूर्वी बर्ड फ्लूमुळे कोठे निर्बंध आहेत का, हे पशुसंवर्धन विभागाकडे विचारून घ्यावे.

झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते त्या प्रदेशापुरते असते. तुमचा माल अस्सल असला, तरी ‘झाबुआचा कडकनाथ’ म्हणून तो विकू नये.

अंडी परत घेण्याच्या हमीबद्दल मी स्पष्टच लिहितो. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातून उघडकीला आलेल्या कडकनाथ प्रकरणात अशाच हमीवर विसंबून शेतकऱ्यांनी पैसे गुंतवले आणि ते बुडाले. पिल्ले महाग विकणाराच अंड्यांचा एकमेव ग्राहक असेल, तर त्याची कमाई तुमच्या अंड्यांतून होते की पुढच्या शेतकऱ्याला पिल्ले विकण्यातून, एवढा एकच प्रश्न त्याला विचारावा.

पायथ्याचा_शेतकरी (शहादा, जि. नंदुरबार)

सर्वांचे मनापासून आभार. त्या प्रतिनिधीला नकार कळवतो. फिकट कोंबडे आणि त्यांच्या बहिणी मांसासाठी विकून कळप मोकळा करतो आणि झाबुआला नोंदणी करतो. एकच विचारायचे राहिले: पुढे पिल्ले घरीच काढायची झाल्यास कडकनाथ कोंबडी रवणावर (अंडी उबवायला) बसते का?

डोंगरमाथा (जुन्नर)

तिच्यावर विसंबू नये. काही कोंबड्या बसतात, पण जरा आवाज झाला की अंडी सोडून उठतात. घरच्या गावरान कोंबडीपैकी एखादी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायच्या तयारीत आली, की तिच्याखाली कडकनाथची दहा-बारा अंडी ठेवावीत, ती एकविसाव्या दिवशी पिल्ले काढते. अशी पिल्ले शांत आईमागे फिरतात आणि संध्याकाळी तिच्याबरोबर खुराड्यात येतात, असा आमचा अनुभव आहे. फक्त अंडी ठेवण्याआधीचे दोन-तीन आठवडे कडकनाथ कोंबड्या गावरान कोंबड्यापासून पूर्ण वेगळ्या ठेवाव्यात.