मदत हवी आहे: मिनी कन्सोल तिप्पट भावाशिवाय मिळतच नाही

घाईत_आहे
मिनी, म्हणजे जुन्या गेम कन्सोलची छोटी नवी आवृत्ती, कुठेच शिल्लक नाही. जिथे आहे तिथे मूळ किमतीच्या तिप्पट, वर "सीलबंद, शेवटचा नग" ही मखलाशी. एक जण स्वस्तात देतोय, पण नकली असेल असं वाटतं. ओळखायचं कसं? तो फक्त आजच थांबणार आहे, तेव्हा लवकर सांगा. एमुलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) सुचवू नये.

बटणबहाद्दर
कुठला मिनी? निन्टेंडोचे एनईएस आणि एसएनईएस, सेगाचा मेगा ड्राइव्ह, सोनीचा प्लेस्टेशन, सगळ्यांचे निघालेत. आणि "फक्त आजच" म्हणणाऱ्याकडून काहीच घेऊ नये.

तिरकस
प्लेस्टेशनचा असेल तर थांबा. तो डिसेंबर २०१८ मध्ये ९९.९९ डॉलरला आला आणि थोड्याच दिवसांत दुकानदार भाव पाडून खपवत होते.

घाईत_आहे
एसएनईएस हो! दुसरा कुठला असणार?

जुनाट
ब्लॅकवाल्यांवर चिडून उपयोग नाही. निन्टेंडोने एनईएस क्लासिक नोव्हेंबर २०१६ मध्ये ५९.९९ डॉलरला काढला, २३ लाख खपले, तरी एप्रिल २०१७ मध्ये बंद करायची घोषणा. मग साठेबाजी होणार नाही तर काय! जून २०१८ मध्ये पुन्हा काढला, तेव्हा तोच मूळ किमतीत दुकानात दिसायला लागला.

बिटवेडा
म्हणजे बॉट (आपोआप ऑनलाइन खरेदी करणारे प्रोग्रॅम) लावून सगळा साठा उचलणारे साधुसंत?

जुनाट
तसं कुठे म्हटलं? माल पुरेसा असता तर बॉटला कोण विचारतं.

सर्किटराव
मुळात मिनी म्हणजे लिनक्सवर चालणारा एमुलेटरच, आत ऑलविनर आर१६ चिप. तुम्हाला एमुलेटर नको ना? मग मिस्टर (MiSTer) नावाचं यंत्र घ्या. एफपीजीए आहे, म्हणजे आतलं सर्किट हवं तसं बदलता येणारी चिप, जुन्या चिपचं वागणं सर्किटच्या पातळीवर उभं करतं.

बिटवेडा
आणि मिस्टर ज्यावर चालतो तो डीई१०-नॅनो बोर्ड? चिपटंचाईत तोही मिळेनासा होऊन महागला होता. आगीतून फुफाट्यात.

चिकित्सक
धागाकर्त्याचा प्रश्न नकली ओळखण्याचा आहे. खोक्यावर ६२० गेम लिहिलेत? मग विषय संपला. खऱ्यात २१ असतात, त्यात त्याआधी कधीच बाजारात न आलेला स्टार फॉक्स २. खऱ्याच्या मागे एचडीएमआय आणि मायक्रो-यूएसबी, बस. पुढे दिसतात ते कंट्रोलरचे पोर्ट नुसते शोभेचे. ते झाकण खाली ओढलं की खरे पोर्ट दिसतात. चांगले नकलीवाले मात्र मेन्यूसकट हुबेहूब करतात, म्हणून फोटोवर विसंबू नका, चालू करून दोन-चार गेम खेळून बघा.

सहजच
जुन्या कन्सोलच्या गेमच्या डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, फुंकर मारू नका कोणी, थुंकीने पिना गंजतात. कापसाचा बोळा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा.

तिरकस
कोणी विचारलं होतं?

घाईत_आहे
त्याच्या फोटोत पिवळी-पांढरी एव्हीची भोकं दिसतायत. मला तीच हवी आहेत, माझ्या टीव्हीला एचडीएमआय नाही.

बटणबहाद्दर
अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचं! एव्ही असेल तर तो शंभर टक्के नकली. आणि खरा मिनी आणलात तरी तुमच्या टीव्हीला थेट लागणार नाही. टीव्ही जुना, काचेच्या नळीचा का?

घाईत_आहे
हो.

जुनाट
मग मिनी हवाय कशाला? मूळ एसएनईएस घ्या. ४.९ कोटी विकले गेलेत, तुटवडा मिनीचा आहे, त्याचा नव्हे. एव्ही केबल लावली की झालं, आणि सीआरटीवर, म्हणजे नळीच्या टीव्हीवर, बटण दाबल्या दाबल्या उडी.

चिकित्सक
सहमत. फक्त यंत्र पाल की एनटीएससी (टीव्ही-चित्राच्या दोन पद्धती) ते बघा. पाल ५० हर्ट्झवर चालतं, बरेच गेम सहाव्या हिश्शाने मंदावतात. टीव्हीला ६० हर्ट्झ चालतं का, तेही तपासा.

सर्किटराव
मिस्टरलाही आयओ बोर्ड (जोडण्यांचा जादा बोर्ड) लावून सीआरटी जोडता येतो.

घाईत_आहे
दोघांनी सुपर मारिओ कार्ट खेळायचंय. ते मूळ यंत्रात असतं का?

तिरकस
असतं ना, हवेतून येतं.

चिकित्सक
कार्ट्रिज वेगळं घ्यावं लागेल. ८७ लाखांवर खपलंय, जुनं सहज मिळतं. आधी यंत्र ठरवा, मग त्याच प्रदेशाचं कार्ट्रिज. जपानी कार्ट्रिज अमेरिकन यंत्रात बसतच नाही, आकार वेगळा. विक्रेत्याला आतल्या बोर्डाचा फोटो मागा, नकली कार्ट्रिजही भरपूर आहेत. आणि त्यातली बॅटरी संपलेली असेल तर वेळांचे विक्रम टिकणार नाहीत. ती सीआर२०३२ (नाण्यासारखी चपटी बॅटरी) सोल्डर करून बदलावी लागते.

सर्किटराव
मिस्टरमध्ये बॅटरीचा प्रश्नच नाही.

बिटवेडा
सर्किटराव, वेगळा धागा काढा!